खर्र्याची पन्नी

ब्रह्मपुरीहून सावलीला जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी होता. गालावर ऑपरेशनचा व्रण. बोलताना रुमालाने ओठ टिपायचा. समोरच्याने प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला आणि रीतीप्रमाणे पन्नी सगळ्यांपुढे फिरवली. याच्यापाशी येताच मात्र हात आखडला.

"घाबरू नका भाऊ, कॅन्सर शिवल्यानं होत नाई," तो हसला, "पन तुमच्या पन्नीतून होते. मले अशीच एकानं देल्ली, मी दहा जनाले देल्ली. साथ अशीच फिरते ना?"

मी आरोग्यसेविका, अंगावर गणवेशच होता. गावोगाव व्यसनमुक्तीवर बोलते, पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं! टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

त्याने पन्नी मागून घेतली, घट्ट गाठ मारली आणि माझ्या हातावर ठेवली.

"बाई, साथ इथीच थांबवा."