पटाशीचे तीन घाव

नोकरीत कितीतरी गुन्ह्यांचा तपास केला. बरेचसे आता नीट आठवतही नाहीत, पण देवळाच्या लाकडाची ती केस काही केल्या विसरलो नाही. तिच्यात मी जिंकलो हे एक कारण. दुसरं म्हणजे, जिंकण्याआधी मी चांगलाच चुकलो होतो.

तेव्हा मी पाथरी भागात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. तेवढ्यात एक जीप फाटकात थांबली आणि सात-आठ गावकऱ्यांनी एका सुताराला कॉलर धरून आत आणलं. गावानं देवळाचे सागवानी दरवाजे करायचं काम त्याला दिलं होतं आणि आदल्या दिवशी ट्रकमधून उतरलं ते हलकं जंगली लाकूड. मिस्त्रीनं सागाच्या नावाखाली गावाला तर फसवलंच, देवालाही सोडलं नाही, अशी त्यांची फिर्याद. पुरावा म्हणून देवगाव फाट्यावरच्या वखारवाल्याकडचा खरेदी करारही त्यांनी आणला होता. 'मिश्र जंगली लाकूड, खरेदीदाराने पाहून पसंत केले' असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आणि खाली मिस्त्रीची सही.

"सही तुझी आहे का?" मी विचारलं.

"हाय साहेब, माजीच हाय. पन त्यो माल माजा न्हाई. सही केली तवा कागद कोरा व्हता."

"कोऱ्या कागदावर सही केलीस?"

"आमी सगळेच करतो. आदी सही, मग माल. वखारीत आमी लाकूड बगतो साहेब, कागद कोन बगतंय?"

मला संतापच आला. नख लावून, वास घेऊन लाकडाची जात सांगणारी ही माणसं छापील कागदाकडे ढुंकूनही बघत नाहीत! माझ्या डोक्यात सही म्हणजे शेवटचा शब्द. फसवणुकीचा गुन्हा दाखल करून घेतला आणि अटकेच्या तयारीला लागलो.

तो रडला नाही, पाया पडला नाही. एवढंच म्हणाला, "माजा बाप ऊसतोडीचा कोयता टाकून रंधा शिकला. मी आत गेलो तर कुनी दारात उभं करनार न्हाई. पोराबाळांस्नी घेऊन परत फडात जावं लागंल."

खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा फार थोडं बोलला, म्हणून माझा हात थांबला. दुसऱ्या दिवशी हजर राहण्याची नोटीस देऊन त्याला सोडलं. गावकरी माझ्यावर नाराज होऊन गेले.

दुपारी पालमहून एसटीनं एक वयस्कर सुतार ठाण्यात आला. मिस्त्रीवर आलेली वेळ त्याला नातलगांकडून कळली होती.

"त्याच वखारीत मला बी असंच बुडवलंय साहेब. अब्रूला भिऊन गप बसलो," तो म्हणाला. "माल पसंत केला की आमी टोकावर पटाशीनं आपली खूण करतो. ह्याची खूण तीन घावांची. त्यो माल दुसऱ्याला इकायचा तर आदी खूण कापावी लागती. कापलेली टोकं हुडका."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथल्या ठाण्याला कळवून, हवालदाराला घेऊन साध्या कपड्यात देवगाव फाट्यावर गेलो. मिस्त्रीलाही सोबत घेतलं, पण जीपमध्येच बसवून ठेवलं. वखारीसमोरच्या टपरीवर चहा सांगितला. टपरीवाली बाई एका ताज्या कापलेल्या गोल ठोकळ्यावर आलं ठेचत होती.

हवालदार म्हणाला, "मावशी, सागावर आलं ठेचायलाय? लय श्रीमंती हाय की!"

"कसली श्रीमंती! परवा वखारीच्या मागं पडलेला, उचलून आनला. पायजे का तुमाला?"

मी ठोकळा उलटा केला. पटाशीचे तीन घाव, एकाशेजारी एक! खरं सांगतो, तिथंच नाचावंसं वाटलं. चहा तसाच राहिला.

दोन पंच घेऊन वखारीत शिरलो. मालक अगदी निवांत होता. "साहेब, कागद बघा. सही बघा. आणखी काय पाहिजे?"

मी आवाज चढवला नाही. "हा ठोकळा तुमचाच ना?"

"आमचाच. कचरा आहे तो."

"टोक का कापलं?"

"फुटलं होतं."

"बाई दोन दिवस यावर आलं ठेचतेय, तरी एक चीर नाही. कुठं फुटलं होतं, दाखवा."

तो टेबलावरचे कागद आवरू लागला. मग मी मिस्त्रीला बोलावलं आणि म्हणालो, "मिस्त्री, तुमचं लाकूड शोधा."

ठोकळा हातात घेऊन तो थप्पीजवळून सावकाश चालत गेला. एका ओंडक्याशी थांबला, ठोकळा टोकाला लावून थोडा फिरवला. लाकडातल्या वाढीच्या कड्याला कडं जुळलं. ठोकळ्यावरची काळी रेघ सरळ ओंडक्यात उतरली. पंचांपैकी एक जण मोठ्यानं "वा रे वा!" म्हणाला. पंचनाम्याच्या वेळी मी अशी दाद कधी ऐकली नव्हती. वखारवाला खुर्चीत बसकण मारून म्हणाला, "चुकलो साहेब." त्याच्या टेबलाच्या खणात करारांचा गठ्ठा सापडला. खाली वेगवेगळ्या सुतारांच्या सह्या, वर सगळं कोरं.

त्याच्यावर गुन्हा नोंदवला. मिस्त्रीचं नाव अहवाल पाठवून गुन्ह्यातून काढलं. पुढे कोर्टाच्या हुकमानं त्याचे ओंडके गावात पोचले.

दरवाजे बसले त्या दिवशी गावानं मला बोलावलं. पहिल्यांदा साहेबांनी उघडावेत, असा आग्रह होता. मी काही बोलण्याआधी, ज्यानं त्या दिवशी कॉलर धरली होती तोच म्हातारा पुढं झाला आणि म्हणाला, "साहेब, तुमी नंतर. मिस्त्री, आमचं चुकलं. तुमीच उघडा."

मिस्त्रीनं तळहात टेकवले. दोन्ही फळ्या आवाज न करता आत गेल्या आणि सगळं गाव टाळ्या वाजवू लागलं. मीही वाजवल्या, पण मान वर होत नव्हती. एका सहीवर विसंबून हेच हात मी बेड्यांत अडकवणार होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर कुणाची सही आली, की कागद बाजूला ठेवून मी आधी त्या माणसाला खुर्ची द्यायचो आणि त्याचं ऐकून घ्यायचो.