अक्काची हाक

अक्का इतकी भित्री, की स्वतःच्या रिकाम्या घरात शिरतानाही आधी उंबऱ्यावर टाळी वाजवायची. साप, विंचू, चकवा, गोरा साहेब, सगळ्यांचं भय तिला सारखंच. शेजारची ही बाई मला कधी नावाने हाक मारत नसे, कारण मी सुपडू आणि तिचा नवराही सुपडू. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, ही तिची पक्की समजूत. म्हणून मी आपला नुसता 'पोऱ्या'.

एका पौषात गल्लीतल्या बाया लळिंगच्या किल्ल्यावर देवीला निघाल्या. मीही मागे लागलो. चढताना अक्का बजावत होती, "पडक्या जागामा कोनी नुसतं 'ए' करीसन हाक मारी, ते ओ देऊ नको. नाव लिधं तरच बोलजो." तिचं भय आम्हा पोरांना लगेच लागायचं.

उतरताना अक्का प्रत्येक पडक्या दारापाशी थबकत, टाळ्या वाजवत मागे राहिली. मी तिच्याबरोबर होतो. बाकीच्या बाया पार खाली पोचल्या. तिची पाठ वळताच मी एका कोठारात डोकावलो, पायाखालचे दगड घसरले आणि मी अंधारात जाऊन पडलो. पाय दगडांत अडकला. डोक्यावर वटवाघळं फडफडली. रडायचीही हिंमत होईना.

"पोऱ्या! ए पोऱ्या!" भिंतींवर आपटून हाक इतकी घोगरी झाली होती, की अक्काची वाटेना. शिवाय त्यात नाव नव्हतं. मी तोंडावर हात दाबून बसलो. हाक जवळ आली, मग लांब गेली. ऊन उतरलं होतं आणि त्या रानात बिबट्या आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ओ द्यायचं भय त्याहून मोठं होतं.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि एकदम गळा फाटल्यासारखी हाक आली, "सुपडू! सुपडू रे!"

मी ओ दिली.

तिने हातांनी दगड उपसून मला काढलं. "कोनले सांगू नको," एवढंच म्हणाली आणि लंगडणाऱ्या मला ओढत उतारावरून धावत सुटली. आता तिला माझी काळजी नव्हती. घरी तिचे यजमान, ज्यांना आम्ही पोरं आबा म्हणायचो, ओट्यावर विडी ओढत बसले होते. त्यांना जिवंत बघून ती दारातच मटकन बसली.

तेव्हापासून तिने कडक सोमवार धरले. आबांना साधी शिंक आली तरी ती घाबरून माझ्याकडे बघायची. माझ्या जिवासाठी तिने केवढं भय पदरात घेतलं होतं, हे मला मोठेपणी कळलं. आबा ठणठणीत राहिले. अक्काच तापाने गेली. शेवटच्या दिवसापर्यंत तिने आबांच्या कपाळाला हात लावून पाहणं सोडलं नाही.

दहाव्याच्या दिवशी मी आबांना सगळं सांगून टाकलं. आपलं नाव त्यांनी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. हळूच म्हणाले, "तिना तोंडमा मनं नाव कसं लागे रे?"