वैतरणेच्या उगमाआधी जीवदानी

वैतरणेचा उगम बघायचाय असं बाबा म्हणाले तेव्हा मी "बघू" म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. पण बाबांनी तो होकार धरला, आणि दुसऱ्याच दिवशी अर्नाळ्याहून, वैतरणा समुद्राला मिळते तिथून, त्यांचा फोन आला की येत्या अष्टमीला निघू, तेव्हा भांग आहे.

अष्टमीच्या आसपास समुद्राच्या पाण्याला ओढ नसते, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. त्या दिवसांत प्रवाहात रोवलेली डोलीची जाळी काठावर येतात, आणि लग्नाच्या बोलण्यापासून दाढ काढण्यापर्यंत सगळी कामं तेव्हाच उरकली जातात. बाबांनी होडी विकून बरीच वर्षं झाली, तरी त्यांचं कॅलेंडर तेच. वैतरणा उगवते त्या ब्रह्मगिरीच्या डोंगराला भरती-ओहोटीचं काय देणंघेणं, असं मी विचारलं. ते म्हणाले, पाणी शांत असलं की माणूसही शांत असतो. ही अष्टमी मंगळवारी येत होती आणि मंगळवारी मला शाळेत सहावीचे तीन तास होते, पण ते त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

खरं तर शाळेचं निमित्त होतं. मला भीती वाटत होती ती त्यांच्या छातीची. गेल्या वर्षी त्यांना दोन स्टेंट टाकले. साखर आधीपासून आहेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालू दे, चढू दे, दम लागला की थांबायचं, जिभेखालची गोळी खिशात ठेवायची. मी तेच परत परत विचारायला गेले तेव्हा डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. विरारच्या फुलपाड्यात राहून मी रोज संध्याकाळी मोबाइलच्या नकाशावर मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत त्र्यंबकला पोचायचे आणि डोंगराच्या पायऱ्यांवर येऊन अडायचे. कुणीतरी टाकलेले व्हिडिओ बघायचे. कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या, कठड्यावर माकडं, आणि कॅमेरा धरणाऱ्याचा फुललेला श्वास. तो श्वास ऐकला की मी व्हिडिओ बंद करायचे. तिथे रेंज असेल का, उचलून न्यायला डोली मिळेल का, जवळचं हॉस्पिटल किती लांब, हे नवऱ्याला इतक्यांदा विचारलं की शेवटी तो म्हणाला, तू सहलीची तयारी करतेयस की पंचनाम्याची. त्याच्यावर मी दोन दिवस रुसले.

बाबांना मात्र काही समजावून सांगायची सोय नव्हती. मी म्हटलं, उगमाशी असतं काय, एक कुंड आणि इवलीशी धार. ते म्हणाले, "उभा जन्म हिच्या तोंडाशी जाळं मारलं, बाय. एवढं पानी येतं कुठून, ते एकदा बघू दे."

तरी मी आधी घाटातला रस्ता खराब असल्याचं सांगितलं, मग सहामाहीचे पेपर पुढे केले. अष्टमी गेली. पुढची आली. बाबा एकदाही चिडले नाहीत, आणि त्याचंच मला बरं वाटत नव्हतं. शेवटी मी एक अट घातली. आधी जीवदानी देवीचा डोंगर चढून दाखवा, मग त्र्यंबकचं बोलू. विरारचा माणूस कुठलाही डोंगर जीवदानीच्या पायऱ्यांनीच मोजतो. मनातून मला वाटत होतं की ते अर्ध्यावर थकतील आणि आपण होऊनच विषय सोडतील. ते एका शब्दात तयार झाले.

त्या रविवारी सकाळी मी फोन करून विचारलं, गोळी घेतली का. घेतली, म्हणाले. पायथ्याशी भेटले तेव्हा इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नारळ आणि वेणी. मी पाठीवरच्या पिशवीत पाणी, गोळ्या, रक्तदाबाचं मशीन घेऊन आले होते. रोपवेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिला टप्पा ते छान चढले. मी मागून त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. वळणावर थांबून त्यांनी उत्तरेला वैतरणेची खाडी दाखवली, तिच्यावरचा रेल्वेचा पूल दाखवला. पुढच्या वळणावर ते काही बोलले नाहीत. मग कठड्याला हात लागला. मानेवर घाम आला, आणि तो चढण्याचा घाम नव्हता. ते पायरीवर बसले तेव्हा त्यांची बोटं थरथरत होती.

मी जिभेखालची गोळी काढली. छातीत दुखतंय का, डाव्या हातात कळ येतेय का, मी एकामागून एक विचारत सुटले आणि ते नुसते मान हलवत होते. शेजारी टोपल्या-नारळांचं दुकान होतं. तिथल्या बाईने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने सरळ बाबांना विचारलं, "आजोबा, काही खाल्लंय का?"

बाबा म्हणाले, नाही.

मला कळेचना. मी गोळीचं विचारलं होतं. साखर उतरवणारी गोळी त्यांनी माझ्या सांगण्यावरून बरोबर घेतली होती, पाण्याबरोबर, आणि वर काही खाल्लं नव्हतं, म्हणून साखर पार खाली गेली होती. देवीला जाताना आमच्याकडे कोणी खाऊन जात नाही. आई होती तेव्हा तीही उपाशीच जायची. मी चाचणी म्हणून निघाले होते आणि ते दर्शनाला. त्या बाईने साखर घातलेलं लिंबूपाणी दिलं, मी बिस्किटं फोडली. थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि माझा राग बाहेर पडला. लोकांसमोर मी त्यांना बोलले. हा हट्ट कशासाठी, उपास करायचं हे वय आहे का, नवस बोलण्याइतकं असं काय अडलं होतं.

ते ग्लासात बघत होते.

"रात्रीपास्नं पोटात काय नाय," ते म्हणाले. "तू मला नेशील का, तेच मागायचं होतं देवीकडं."

ज्या माणसाने कधी कुणाला विचारून होडी लोटली नाही, तो माझ्या होकारासाठी उपाशी पायऱ्या चढत होता. मी त्यांच्याशेजारी बसले. मला रडू येत होतं आणि भीती तर तशीच होती, तिळभरही कमी झाली नव्हती. तरी मी म्हणाले, नेईन. येत्या अष्टमीला, शाळेत रजा टाकून. फक्त खाऊन निघायचं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, मग वर जाऊन देवीला सांगायला पायजे, काम झालं म्हणून. आणि उठायला लागले.

"बसा अजून थोडं," मी सवयीने म्हणाले.

ते लगेच बसले. वर्गात मी म्हटल्यावर पोरं बसतात तसे, हात गुडघ्यांवर ठेवून. माझ्याकडे बघत राहिले, पुढे काय सांगते म्हणून.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही उठाल तेव्हा निघू."

ते उठले नाहीत. अजून माझ्याचकडे बघत होते, मी उठा म्हणेन म्हणून.