काठावर काही कळत नाही

आमच्या अमरावतीकडे माणूस गेला की बायका बसायला येतात, आणि त्यांचं रडणं फाटकापासूनच सुरू होतं. घरात शिरून त्या गेलेल्याच्या बायकोला मिठी मारतात, आणि तिनं त्या सुरात आपला सूर मिसळायचा असतो. माझा नवरा गेला तेव्हा मला ते जमलं नाही. बिचाऱ्या एकट्यानं किती वेळ रडणार? थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसत माझ्याकडे बघायच्या, आणि मला त्यांचीच कीव यायची.

तो नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात होता. कामावरच कोसळला. फोन आला तेव्हा मी कढी करत होते. सगळं ऐकून घेतलं, 'येते' म्हटलं आणि फुटू नये म्हणून आधी कढी ढवळली. मग गॅस बंद केला. त्या ढवळण्याची मला पुढे भीती वाटायला लागली. नवऱ्यावर जीव असलेली बाई अशा वेळी कढी ढवळते का?

अकोल्याहून नणंद आली होती. थोरली, तिनं त्याला कडेवर खेळवलेलं. मला रडवायचा तिनं विडाच उचलला. त्याची चप्पल समोर आणून ठेवली, त्याचा शर्ट माझ्या मांडीवर टाकला.

"रड वं पोरी. काहून आत कोंडून राह्यली?"

मी शर्टाची घडी घातली.

तेरवी आटोपल्यावर एका दुपारी ती बॅग भरायला बसली. सकाळच्या गाडीनं अकोल्याला परतायचं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "हे होयाच्या आधी कालेजात काय शिकवून राह्यली होती तू?"

"कृष्णविवर," मी म्हटलं आणि सांगायला लागले. मास्तरकीची खोड, घरात सुतक असो की लग्न, कोणी विचारलं की तोंड थांबत नाही. विवर म्हणजे भोक नव्हे. थोड्या जागेत इतकं वजन दाबलेलं असतं की त्याच्या ओढीतून उजेडसुद्धा सुटत नाही. भोवती एक हद्द असते, ती ओलांडली की परत येणं नाही. पण तिथं भिंत नाही, दगड नाही, पाटी नाही.

"मंग आत पडनारा फाटत नाही का?"

लहान विवर असेल तर हद्दीच्या बाहेरच फाटतो, मी सांगितलं. पायाला ओढ जास्त, डोक्याला कमी, त्यात ताणला जातो. गॅसवर धरलेला हात वीतभर खाली नेला तर भाजतो, पण मे महिन्यातल्या उन्हात स्टुलावर चढलं काय न उतरलं काय, सारखंच. प्रचंड विवराचं केंद्र हद्दीपासून तसंच फार लांब असतं. डोक्याला आणि पायाला ओढ जवळजवळ सारखी लागते. माणूस हद्द ओलांडून जातो आणि त्याला काही म्हणजे काही कळत नाही. विवर जितकं मोठं, तितकं काठावर कमी जाणवतं.

हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगते. त्या दुपारी ते तोंडातून निघालं आणि मी मध्येच थांबले. मला कढी आठवली.

नणंद साडीची घडी हातात धरून बसली होती. "म्हंजे थो वाचला?"

"नाही ताई. आत आत जातच राहते. मंग फाटते. ते काई चुकत नाही."

"कवा?"

"विवर जितकं मोठं, तितकं उशिरा."

त्यानंतर तिनं मला रड म्हणून सांगितलं नाही, कधीच नाही. बॅगेतल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि कपाटात त्याच्या शर्टांशेजारी नीट लावून ठेवल्या.

"मंग मी उद्या जात नाही," ती म्हणाली. "तवा घरात एकटी नको तू."