दुसऱ्या आणि तिसऱ्या खिळ्यामधली जागा

४ मे, रविवार. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपचा माळा आवरायला काढला होता. मशिनं बंद, म्हणून भंगार वेगळं करायचं, एवढंच काम. पत्र्याच्या तुकड्यांमागून एक लांब पुठ्ठा निघाला. त्याला तीन भोकं. तेजूकाका जाऊन दीड महिना झाला... पुठ्ठा भंगारात टाकला, बाहेर काढला, पुन्हा टाकला. शेवटी काम अर्धं सोडून तो घेऊनच खाली उतरले.

तेजूकाका पिंपरी कॅम्पातले कापडवाले. फाळणीनंतर निर्वासितांना जिथं बराकी मिळाल्या, तिथं ते आईचा पदर धरून आले. मागच्या वर्षी शेवटची बराक पाडायची ठरली, तेव्हा हा माणूस बिल्डरपासून सोसायटीच्या मंडळापर्यंत सगळ्यांच्या मागे लागला, एक भिंत तरी ठेवा म्हणून. ठेवली. तिच्यापुढे लोखंडी जाळी बसवायचं काम माझ्याकडे आलं. माप घ्यायला गेले, तर आधी पापड आणि पाणी समोर. सिंधी घरात त्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. मी म्हटलं, "काका, मला घाई आहे." "लोखंड काय पळून चाललंय? खा आधी, मग टेप काढ."

मग भिंत दाखवली. तीन गंजके खिळे. बराकीत कितीतरी कुटुंबं एकत्र. खिळ्याला दोरी, दोरीला गोणपाट, की झालं घर. "या खिळ्यापासून या खिळ्यापर्यंत आई आणि आम्ही भावंडं," काका म्हणाले, "आणि इथून तिथपर्यंत बाबा." वडील तिकडच्या दुकानाची निरवानिरव करून पुढच्या बोटीनं यायचे होते. आले नाहीत, खबरही नाही. आई पोरांना दाटीवाटीनं झोपवायची, पण ती जागा रोज झाडून मोकळी ठेवायची. शेजाऱ्यांनी मागितली, दिली नाही. "श्राद्धसुद्धा घातलं नाही तिनं. माणूस गेला, हे सांगायला कोण आलं होतं?" जाळी खिळ्यांना लागू नये म्हणून मी पुठ्ठा भिंतीला लावला आणि खिळ्यांच्या जागी भोकं पाडून घेतली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मंडळानं खिळे उपटले, पुट्टी भरली आणि वर गुलाबी रंग दिला. हेतू कुणाचाच वाईट नव्हता; आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की भिंतीला रंग लागतोच. मंडळाचे मुरलीभाई कौतुकानं म्हणाले, "बघा काका, एकदम नवीन!" काकांनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, बाबांची जागा गेली ना..." मी म्हटलं, "परत ठोकते." "राहू दे. पोरांनी हौसेनं केलंय." त्याच आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. झोपेतच गेले.

राहू दे म्हणाले, म्हणून मी राहू दिलं होतं. पण त्या रविवारी पुठ्ठा घरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता आणि मी कुकर लावताना, भांडी घासताना त्याच्याकडेच बघत होते. काकांचं श्राद्ध त्यांचा मुलगा घालेल. त्या बापाचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल घेऊन कॅम्पात गेले. जाळीचं दार उघडायला लावलं, पुठ्ठा भिंतीला टेकवला, गुलाबी रंगातून तीन भोकं पाडली आणि खिळे ठोकले. मुरलीभाई धावत आले. "ताई, अहो, काय टांगायचंय इथं?"

"काही नाही," मी म्हटलं. "एवढी जागा मोकळी सोडायचीय." आणि खाली पडलेला चुरा झाडून घेतला.