एका नंबरावर एकच अर्ज

महाडच्या एसटी डेपोसमोर ऑनलाइन अर्ज भरून देणारा तो माणूस मला येता-जाता दिसायचा. प्रत्येक रकाना मोठ्याने वाचायचा, समोरच्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्यायचा आणि मग एका बोटाने टाइप करायचा. पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांतल्या ज्या माणसांकडे फोन नसे, त्यांच्या अर्जात तो स्वतःचा मोबाइल नंबर घालायचा. निरोप आला की चिठ्ठी लिहून मुक्कामाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा.

दरडीच्या धोक्यातली घरं हलवण्यासाठीचा ऑनलाइन अर्ज तहसील कार्यालयात मी बनवला होता. साठ अर्जांवर एकच नंबर बघून माझं डोकं फिरलं. मी ते सगळे बाद केले आणि एका नंबरावर एकच अर्ज, असा नियम घातला.

तो मला भेटायला आला. भांडला नाही.

"साहेब, तेवढा नंबराचा रकाना सक्तीचा ठेवू नका. वर फोन नाय, पण माणसं हायत."

"यादी चोख लागते," मी म्हणालो.

त्याने चष्मा पुसला आणि तो गेला.

यादी चोख झाली. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. त्या साठांपैकी एकच नाव, नव्याने भरलेलं, यादीत होतं आणि त्यापुढे नंबर त्या अर्ज भरणाऱ्याचा होता.

ते एक त्याने कसं निवडलं, हे विचारायला मी अजून डेपोसमोर गेलेलो नाही.