समुद्रफुलांचा घास

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला सगळे मामा म्हणत. माणसांपेक्षा ते टाकीतल्या माशांशीच जास्त बोलायचे, तेही मोठ्यानं. कोल्हापुरात समुद्र कुठला! टाकीतलं खारं पाणी मालवणहून एसटीनं कॅनमधून यायचं. एकदा दगडाला चिकटून बारीक समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे डंखी प्राणी, आली आणि शेजारच्या जिवंत पोवळ्याला डंख करू लागली. मी ती ब्लेडनं खरवडली. आठवड्यात दुप्पट झाली.

त्या दुपारी मामा भाकरी खात बसले होते. मी दारातूनच ओरडलो, "मामा, आधी इकडे या!"

हात धुऊन ते आले. टाकीत डोकावून म्हणाले, "काय केलासा हे, सर! तुकड्यातुकड्याचं नवं उगवतंय की!"

वर्गात मी हेच शिकवत होतो.

मामांनी तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवून सिरिंजमध्ये भरला. मग चिमट्यानं एका फुलाला सुकटीचा कण दिला. फुलानं तोंड उघडलं.

"सोडा आता चुना," मी घाई केली.

"थांबा की. घास गिळू दे. जेवत्या ताटावरनं कुणाला उठवू न्हाई, सर."

प्रत्येक फुलाला त्यांनी तसाच घास दिला, तो गिळेपर्यंत वाट पाहिली आणि मगच नेमका तोंडात चुना सोडला. फुलं आक्रसली, ती पुन्हा उगवली नाहीत. पोवळं वाचलं.

मामा कोपऱ्यात जाऊन बसले आणि माझ्या हाकेनं अर्धी टाकलेली, एव्हाना कडक झालेली भाकरी पाण्यात बुडवून खाऊ लागले.